थंडीतली त्वचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचं उटणं संपत आलं की आमच्या औषध दुकानाच्या काउंटरवर तेच प्रश्न सुरू होतात आणि संक्रांत उलटून गेली तरी थांबत नाहीत. फोनवरही तेच. म्हणून विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ते इथे एकदा नीट लिहून ठेवते. साधे आधी, अडचणीचे नंतर. उत्तर दोनदा नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. माझा कल आधीच सांगून टाकते: नवीन बाटली घेण्याआधी रोजचं काय थांबवता येईल ते पाहावं.

१. थंडी पडली की अंग उलतं, नखाने ओढलं तर पांढरी रेघ उमटते. नेमकं होतं काय?

हवा थंड झाली की तिच्यात बाष्प कमी मावतं. ३० अंशांच्या हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प राहू शकतं, १० अंशांच्या हवेत जेमतेम ९ ग्रॅम. त्यात नोव्हेंबरपासून आपल्याकडे उत्तरेकडून, ईशान्येकडून येणारे वारे कोरडेच. अशी हवा त्वचेतलं पाणी ओढून घेते. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात मृत पेशी असतात आणि त्यांच्यामध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल, स्निग्धाम्लं यांचा लेप असतो. पाणी धरून ठेवायचं काम या लेपाचं. थर वाळला की पेशींच्या कडा सुटतात, ती पांढरी रेघ त्यांचीच. लेप विरळ झाला की मग साबण, लोकर, घाम, सगळंच झोंबायला लागतं.

२. आम्ही मुंबईत राहतो. इथे कुठली आलीय थंडी? हे सगळं आम्हालाही लागू आहे का?

अर्ध्याने. निफाडचा पारा ५-६ अंशांवर येतो तेव्हा मुंबईकर पंखा लावूनच झोपतो, हे खरं. पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी जमिनीकडून वारा वाहतो आणि समुद्राचा दमटपणा मागे हटतो, तेवढ्यातही ओठ आणि पोटऱ्या कोरड्या पडतात. दिवसभर एसीत बसणाऱ्यांचं तर बाराही महिने तेच. कोकण-मुंबईत आंघोळीनंतर हलकं लोशन बहुतेकांना पुरतं. नाशिक, पुणे, विदर्भ, मराठवाडा इथे घट्ट क्रीम लागतं.

३. कडक पाण्याशिवाय आंघोळ केल्यासारखं वाटत नाही. किती गरम चालेल?

बंबाचं असो की गीझरचं, पाणी अंगावर घेतल्यावर कातडी लाल होत असेल तर ते जास्त गरम आहे. कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटं, बस. गरम पाण्याने वरचा स्निग्ध लेप भराभर निघून जातो. खाज असेल तर कडक पाण्याने त्या वेळी फार बरं वाटतं आणि तासाभरात दुप्पट खाज सुटते. लोक नेमके इथेच फसतात.

४. मग साबण सोडूनच द्यायचा का?

सोडायला नको, जागा कमी करायच्या. काखा, जांघा, पावलं इथे रोज लावा. हात, पाठ, पोटऱ्या यांना थंडीत रोज साबणाची गरज नसते, धुळीत काम करत असाल तर गोष्ट वेगळी. नेहमीच्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचं माप, ७ च्या खाली आम्ल) ९-१० असतो, त्वचेचा साधारण ५. वेष्टनावर 'सिंडेट' किंवा 'सोप-फ्री' लिहिलेली वडी त्या मानाने सौम्य असते. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी वापरणाऱ्यांनी तर तीच घ्यावी, कारण जड पाण्यातला कॅल्शियम आणि साबण मिळून एक चिकट थर होतो. तो अंगावर राहतो आणि खाजवतो. घासायचा दगड आणि प्लास्टिकची जाळी फेब्रुवारीपर्यंत खुंटीला टांगून ठेवा.

५. मॉइश्चरायझर कोणतं घेऊ? आठशे-हजार रुपयांचं घ्यावंच लागतं का?

नाही. मी दुकानात बसून हे सांगते आहे, म्हणजे विचार करा.

मॉइश्चरायझरमध्ये तीन प्रकारचे घटक असतात. पाणी धरणारे: ग्लिसरीन, युरिया, हायल्युरॉनिक ॲसिड. खरखरीतपणा मऊ करणारे: निरनिराळी तेलं आणि बटर. आणि वरून झाकण घालणारे: पेट्रोलियम जेली, लिक्विड पॅराफिन, डायमेथिकोन. उन्हाळ्यातलं पातळ जेल किंवा लोशन पहिल्या प्रकारावर चालतं. थंडीत तिसरा प्रकार नसेल तर पहिल्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण धरलेलं पाणी हवेत उडून जातं. नुसत्या कोरफड जेलने चेहरा उलट जास्त ताणतो, त्याचं कारण हेच.

म्हणून डबीवरची यादी वाचा. ग्लिसरीन आणि पॅराफिन किंवा पेट्रोलियम जेली दोन्ही पहिल्या चार-पाच नावांत असतील तर ते क्रीम थंडीचं आहे, किंमत काहीही असो. सेरामाइडवालं क्रीम चांगलं असतं. एक्झिमा (इसब) असलेल्यांनी परवडत असेल तर जरूर घ्यावं. बाकीच्यांनी दीडशे रुपयांचं क्रीम सढळ हाताने लावलेलं, महागडं पुरवून पुरवून लावण्यापेक्षा बरं. सुगंध जितका कमी तितकं चांगलं. फुटलेल्या त्वचेला सुगंधी द्रव्यं चटकन बाधतात.

६. लावायचं कधी आणि किती?

आंघोळीनंतर दोन-तीन मिनिटांत, अंग पूर्ण कोरडं होण्याआधी. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि ओलसर अंगावरच क्रीम. दुपारी सुक्या हातावर तेच क्रीम लावलं तर परिणाम कमी दिसू शकतो. तेव्हा हात आधी ओला करून घ्या. मोठ्या माणसाला अंगभर लावायला एका वेळी २५-३० ग्रॅम क्रीम लागतं. महिन्याभरात पन्नास ग्रॅमची ट्यूब संपली नाही म्हणजे लावलंच गेलं नाही.

७. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खोबरेल तेल लावतात. तेवढं पुरत नाही का?

अंगाला बऱ्याच जणांना पुरतं. खोबरेल चांगलं झाकण घालतं आणि कोरड्या, एक्झिमा असलेल्या त्वचेवरही त्याचा उपयोग दिसून आला आहे. दोन अटी: ओल्या अंगावर लावायचं (प्रश्न ६), आणि मुरुमं येणाऱ्या चेहऱ्याला लावायचं नाही, कारण त्याने छिद्रं बुजतात. कडाक्याच्या थंडीत ते बाटलीत गोठतं. कोमट पाण्यात बाटली उभी करा, गॅसवर नको.

मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल मात्र कोरड्या त्वचेला मानवत नाही. ऑलिव्हमधलं ओलेइक ॲसिड त्वचेचा लेप सैल करतं. परदेशी बाटली म्हणून बाळाला ऑलिव्ह चोळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. कोकणातलं कोकमाचं तेल, म्हणजे मुठेल, हा मात्र खरा ठेवा आहे: घट्ट असतं, अंगाच्या उबेने वितळतं, टाचा आणि ओठांवर छान बसतं.

८. उटणं, बेसन, मुलतानी माती, साय, ग्लिसरीन-लिंबू… यातलं थंडीत काय चालेल?

अभ्यंगस्नानाचा क्रम आठवा: आधी तेल जिरवायचं, मग उटणं. तेल न लावता उटणं किंवा बेसन चोळलं तर ते साबणाइतकंच कोरडं करतं. तेलाबरोबर, आठवड्यातून एकदा, हलक्या हाताने चालेल. मुलतानी माती तेल शोषण्यासाठीच असते, त्यामुळे थंडीत तिला रजा. साय लावायला हरकत नाही, पण धुऊन टाका, आणि मुरुमं असतील तर नको.

ग्लिसरीन निव्वळ लावू नका. त्यात दुप्पट पाणी किंवा गुलाबपाणी घाला. लिंबू मात्र काढून टाका. त्याचा पीएच २-३ असतो, फुटलेल्या त्वचेवर आग होते आणि लिंबाचा रस लागलेल्या जागी ऊन लागलं तर भाजल्यासारखे काळे डाग पडू शकतात. ते जायला महिने लागतात.

९. पाणी जास्त प्यायलं तर त्वचा मऊ होईल ना? आणि बेंबीत तेल घातलं तर ओठ फुटत नाहीत म्हणतात, ते खरं का?

थंडीत पाणी प्यायचं राहून जातं, म्हणून आठवणीने प्या. पण पुरेसं पिणाऱ्याने आणखी दोन तांबे प्याल्याने पोटऱ्या मऊ होत नाहीत, कोरडेपणा वरून येतो. बेंबीपासून ओठांपर्यंत तेल नेणारी वाट शरीरात नाही. आजी रागावली तर बेंबीत घाला, आणि एक बोट ओठांनाही लावा.

१०. ऊन तर हवंहवंसं वाटतं. थंडीत सनस्क्रीन कशाला? आणि तरीही चेहरा थंडीतच काळवंडतो, असं का?

दोन्हींचं उत्तर एकच. ऊन भाजत नाही म्हणून आपण तासन्‌तास गच्चीवर बसतो, हुरड्याला शेतात जातो, डोकं उघडं ठेवतो. महाराष्ट्र विषुववृत्तापासून फार लांब नाही. डिसेंबरातही निरभ्र दुपारी अतिनील किरणांचा निर्देशांक ६ च्या आसपास जातो आणि ३ पासूनच संरक्षण घ्यावं असा सल्ला असतो. त्वचा काळवंडवणारी यूव्हीए किरणं तर काचेतूनही येतात. शिवाय कोरडी, सुटलेल्या कडांची त्वचा राखाडी दिसते. तो निम्मा काळेपणा नुसत्या क्रीमने उतरतो.

सकाळी मॉइश्चरायझर, पाच मिनिटांनी एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटं भरून. थंडीत जेलपेक्षा क्रीम स्वरूपातलं घ्या. मनाली-काश्मीरला निघाला असाल तर यात हयगय नको: ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परतवतो आणि दर हजार मीटर उंचीला ती साधारण १० टक्क्यांनी वाढतात. हनुवटीखाली आणि नाकाच्या खालीही लावा.

११. माझा चेहरा तेलकट आहे, पिंपल्स येतात. मला मॉइश्चरायझर नकोच ना?

हवं. पिंपल्सची औषधं, विशेषतः बेंझॉइल पेरॉक्साइड, चेहरा कोरडा करतात. थंडीत तो सोलतो, मग लोक औषध बंद करतात आणि पिंपल्स परत येतात. 'नॉन-कॉमेडोजेनिक' (छिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं हलकं क्रीम दोन वेळा लावा. फेसवॉश दिवसातून दोनदाच.

१२. मी रेटिनॉल आणि ॲसिडचं सीरम वापरते. थंडीत बंद करू का?

बंद करू नका, अंतर वाढवा. रोज रात्री लावत असाल तर एक दिवसाआड किंवा आठवड्यातून दोनदा. दोन्ही एकाच रात्री नको. चुरचुरत असेल तर आधी क्रीम, त्यावर रेटिनॉल, वर पुन्हा क्रीम. नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांखाली आधीच पेट्रोलियम जेली लावून ठेवा. साधं क्रीमही झोंबायला लागलं तर सगळी सीरमं दोन-तीन आठवडे बाजूला. फक्त सौम्य फेसवॉश, क्रीम आणि सनस्क्रीन. डॉक्टरांनी मुरुमांसाठी दिलेली आयसोट्रेटिनोइनची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने कमी-जास्त करू नका, कोरडेपणा त्यांना सांगा. त्या काळात वॅक्सिंगही नको, कातडी निघते.

१३. ओठ सारखे फुटतात. लिप बाम लावूनही.

जीभ फिरवणं थांबवा, बाकी नंतर. लाळ वाळताना ओठांचं पाणीही घेऊन जाते. पुदिन्याचा किंवा कापराचा गार लागणारा बाम बंद करून साधी पेट्रोलियम जेली किंवा तूप लावा, जेवणानंतर आणि झोपताना. सुटलेली साल ओढू नका. फक्त तोंडाचे कोपरे चिरत असतील तर कारण वेगळं असू शकतं: बुरशी, बी जीवनसत्त्वांची किंवा लोहाची कमतरता, किंवा नीट न बसणारी कवळी. त्यावर बाम लावून काही होत नाही.

१४. टाचांच्या भेगांचं काय करावं? चालताना रक्त येतं.

रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवा. वज्रीने हलकेच घासा, आणि तेही आठवड्यातून दोनदाच. पाय टिपून १० ते २५ टक्के युरियाचं क्रीम लावा, त्यावर पेट्रोलियम जेली आणि सुती मोजे घालून झोपा. पंधरा दिवस नेमाने केलं तर फरक दिसतो. उघड्या, रक्त येणाऱ्या भेगेत युरिया झोंबतो. ती भरेपर्यंत नुसती जेली किंवा मेण-तिळतेलाचं मलम, म्हणजे सिक्थतैल, लावा. मेणबत्तीचं गरम मेण भेगेत ओतणारे लोक मला दर वर्षी भेटतात. भाजतं, कृपा करून नको. ब्लेडने कातडं तासणंही नको. घरात अनवाणी फिरणं बंद करा, मागची टाच झाकणारी चप्पल घाला.

१५. आईला मधुमेह आहे. तिलाही हेच करायचं का?

नाही. मधुमेहात पावलांना चटका कळेनासा होतो, त्यामुळे पाय पाण्यात भिजवणं, शेकणं आणि वज्री, तिन्ही वगळा. रोज पावलं नीट पाहा, क्रीम वर-खाली लावा पण बोटांच्या बेचक्यांत नको, तिथे ओल राहून बुरशी होते. भेगेतून पाणी येत असेल, लाली पसरत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

१६. भांडी-धुण्याने बोटांना चिरा पडल्या आहेत.

रबरी हातमोजे, आत पातळ सुती मोजे. नुसत्या रबरात हात घामेजतात आणि जास्त चिघळतात. प्रत्येक वेळी हात धुतल्यावर क्रीम. ते ओट्यापाशीच ठेवा, कपाटातलं क्रीम कुणी लावत नाही.

१७. थंडीत डोक्यात कोंडा वाढतो, म्हणून तेल लावते. तरी कमी होत नाही.

कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते आणि ती तेलातल्या स्निग्धाम्लांवरच जगते. रात्रभर तेल म्हणजे तिला जेवण. २ टक्के किटोकोनॅझोलचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं डोक्यावर ठेवून मग धुवा. तेल लावायचंच असेल तर केसांच्या टोकांना. भुवया, नाकाच्या कडा, दाढी इथे पिवळट खपल्या धरत असतील तर तोही बहुधा कोंड्याचाच भाऊ.

१८. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाई कडकडीत पाणी, डाळीचं पीठ आणि धुरी, सगळं करतात. काय ठेवायचं, काय नको?

तेल चोळणं ठेवा, खोबरेल किंवा सूर्यफुलाचं. कोपर बुडवून पाहा, कोमट लागलं तरच पाणी घ्या. लव जावी म्हणून पिठाने रगडणं बंद. लव आपोआप जाते, कातडी मात्र सोलवटते. धुराने बाळाची छाती भरते, तीही नको. पावडर श्वासात जाते. बाईंशी वाद घालण्यापेक्षा न्हाणं झाल्यावर ओलसर अंगावर स्वतः क्रीम लावा, ते काम त्यांच्यावर सोडू नका.

१९. मुलाच्या गालावर फिकट पांढरे चट्टे आलेत. कॅल्शियम कमी आहे का? की जंत? कोड तर नाही ना?

हा प्रश्न आयांना रात्री झोपू देत नाही. बहुतेक वेळा हे 'पिटिरियासिस आल्बा' असतं: सौम्य एक्झिमाचाच प्रकार, कडा धूसर, वर बारीक कोंडा. कॅल्शियमशी किंवा जंतांशी त्याचा संबंध नाही आणि तो कुणाला लागत नाही. आजूबाजूची त्वचा उन्हाने रापली की चट्टे जास्त उठून दिसतात. रोज क्रीम आणि सनस्क्रीन लावून काही महिन्यांनी रंग परत येतो, कधी वर्षही जातं. कोडाचा डाग दुधासारखा पांढराशुभ्र, कडा ठसठशीत आणि त्यावर कोंडा नसतो. तसं दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. डागावर स्पर्श कळत नसेल तर प्रश्न २५.

२०. सासऱ्यांना रात्रभर खाज सुटते, पण अंगावर पुरळ काहीच नाही.

साठीनंतर त्वचेतलं तेल कमी होतं, त्यामुळे पोटऱ्या आणि पाठ खूप खाजतात. प्रश्न ३ ते ६ मधलं सगळं तीन आठवडे नीट करून पाहा, लोकरीच्या आत सुती सदरा घाला. तरीही खाज थांबली नाही तर रक्त तपासून घ्या. थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत आणि मधुमेह यांतही पुरळाशिवाय खाज येते, आणि नवीन सुरू झालेल्या एखाद्या गोळीनेही.

२१. आमच्याकडे तर घरातल्या सगळ्यांनाच खाज आहे, रात्री जास्त. थंडीच ना?

थंडी सगळ्यांना एकाच आठवड्यात गाठत नाही. बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबीभोवती, काखेत बारीक पुळ्या असतील तर खरूज समजा आणि डॉक्टरांकडे जा. ५ टक्के परमेथ्रिनचं क्रीम रात्री मानेपासून तळव्यांपर्यंत लावून सकाळी धुतात, आठवड्याने पुन्हा. खाज नसलेल्यांसकट सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, एकाने टाळलं की पुन्हा सुरू. तान्ही बाळं आणि गरोदर बाई असतील तर आधी विचारा. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवा. धुता येत नाही ते आठवडाभर पिशवीत बांधून ठेवा.

२२. मागच्या वर्षी एक ट्यूब आणली होती, दोन दिवसांत आराम पडला. तीच द्या ना.

इथे मी वाईट होते. त्या ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. एक्झिमात डॉक्टर ते मोजक्या दिवसांसाठी देतात आणि तिथे ते उत्तम काम करतं. पण कडेने लाल, मधे निवळलेला गोल चट्टा म्हणजे गजकर्ण. त्यावर ते लावलं तर खाज थांबते आणि बुरशी निवांत पसरते. उजळपणासाठी चेहऱ्यावर लावलं तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुळ्या येतात, आणि बंद केलं की आग. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकायच्या यादीत घातली, ती उगाच नाही.

२३. अंगाला जेली लावून शेकोटीजवळ बसलं तर चालतं का?

दूर बसा. पॅराफिन आणि पेट्रोलियम जेली कपड्यांत मुरतात आणि असा कपडा ठिणगीने भर्रकन पेट घेतो. एकदा धुतल्याने ते पुरतं निघतही नाही. दुसरं म्हणजे, रोज शेकोटीला किंवा हीटरला पोटऱ्या लावून बसणाऱ्यांच्या कातडीवर जाळीसारखे तपकिरी पट्टे उमटतात. शेकणं बंद केलं की ते बहुधा हळूहळू फिकट होतात. क्रीमने जात नाहीत.

२४. मुलगी शिकायला टोरँटोला गेली आहे. इथून काय पाठवू?

क्रीम तिथे मिळतं, फोनवर सल्ला पाठवा. तिथली अडचण बाहेरच्या उणे तापमानाइतकीच घरातल्या हीटिंगची. बाहेरची थंड हवा आत येऊन तापते आणि वाळवंटासारखी कोरडी होते. खोलीत ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) लावून आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत ठेवायची. त्याचं पाणी रोज बदलायचं. बाहेर पडताना चेहऱ्यावर घट्ट क्रीम, हातात मोजे. पाठवायचंच असेल तर मुठेलाची वडी पाठवा, जागा कमी घेते.

२५. हातावर एकच फिकट, कोरडा चट्टा आहे. खाजत नाही, दुखत नाही, क्रीमने जातही नाही.

न खाजणं हीच इथे काळजीची बाब आहे. डोळे मिटून कापसाच्या टोकाने त्या चट्ट्यावर आणि शेजारी स्पर्श करून घ्या. चट्ट्यावर स्पर्श कळला नाही, तिथे घाम येत नसेल, केस विरळ असतील, तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्या. चट्टा कधी तांबूसही असतो. आजार बरा होतो. एमडीटीची (एकत्र घ्यायच्या अनेक औषधांच्या उपचाराची) औषधं सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, कोर्स सहा किंवा बारा महिन्यांचा. लवकर सुरू केलं तर हातापायांच्या नसा वाचतात. तपासणीला जाताना त्या जागी काही लावून जाऊ नका.